फॉरमॅट मारू का?

‘घरचा कॉम्प्युटर मधूनच आपोआप रीस्टार्ट होतो. व्हायरस असेल ना? फॉरमॅट मारू का?’ सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, रात्री साडेदहाला नातेवाइकांच्या फोनवर हा प्रश्न मला हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: मारू नका. निदान आधी तरी नको.

व्हायरसचा संशय उगाच आलेला नाही. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपणहून पसरणारा व्हायरस, पसरला होता. विंडोज एक्सपीचं मशीन इंटरनेटला जोडलं, की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट. पुढच्या वर्षी सॅसर नावाच्या वर्मनं तोच प्रकार केला. ते समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आता मात्र व्हायरस लिहिणारे वेगळ्या धंद्यात आहेत. पासवर्ड चोरायचे, तुमच्या विजेवर स्वतःसाठी क्रिप्टो कमवायचं. तुमचा कॉम्प्युटर निमूट चालू राहण्यातच त्यांचा फायदा.

म्हणून मी उलट विचारतो, नेमका कधी होतो? बहुतेकांना हे सांगता येत नाही. दोन-चार दिवस वेळ आणि त्या क्षणी घरात काय चाललं होतं, एवढं कागदावर लिहा. रात्री कुणी हात लावलेला नसताना होत असेल, तर बऱ्याचदा तो विंडोजचा अपडेट असतो. विंडोजची नोंदवही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर; त्यातल्या ‘सिस्टिम’ नोंदींत १०७४ क्रमांक शोधा. रीस्टार्ट कुणी करायला लावला, ते तिथे नावानिशी असतं.

त्याच यादीत लाल खुणेचा ‘कर्नल पॉवर ४१’ दिसतो आणि लोक घाबरतात. ती नोंद मशीन पुन्हा चालू झाल्यावर केलेली असते: मघाशी मी नीट बंद न होताच गेलो होतो, एवढंच ती सांगते. घटनेनंतरचा पंचनामा. आरोपीचं नाव त्यात क्वचितच असतं. ते हवं असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. विंडोज कोसळून रीस्टार्ट होत असेल, तर आता निळा पडदा (नव्या विंडोज ११मध्ये तो काळा असतो) थांबून राहील आणि त्यावरचा कोड मोबाइलवर टिपता येईल. मग ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम, डिस्क या दिशेनं जा. रॅमची शंका असेल तर मशीनची वायर भिंतीतून काढा, पट्ट्या बाहेर घ्या, सोनेरी टोकं खोडरबरनं हलकी पुसा आणि एकेक पट्टी लावून चालवून बघा. दुकानदार हेच करतात.

आणि कोडचा पडदा आलाच नाही, पडदा एकदम काळा होऊन पुन्हा कंपनीचा लोगो, असं असेल तर? मग मी सॉफ्टवेअरचा नाद सोडून भिंतीकडे बघतो. आपल्याकडे खरी गंमत तिथेच असते.

आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे एक लाट २० मिलिसेकंदांची. पुरवठा तुटला तर चांगला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा, पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. स्वस्तातला, वर मोठे वॅट छापलेला, त्याहून कमी. तो डगमगला की मदरबोर्डला दिलेला ‘वीज ठीक आहे’ हा सिग्नल काढून घेतो आणि बोर्ड प्रोसेसरला रीसेट करतो. लाइट पूर्ण गेली तर मशीन सहसा बंदच राहतं. विजेला क्षणभर डुलकी लागली तर रीस्टार्ट होतं. दिवा मिचकावल्याचं तुमच्या लक्षातही येत नाही.

‘पण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे!’ असतो. त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड असं बटण असतं, ते कुठे आहे बघा. यूपीएस मोडमध्ये तो झटकन बॅटरीवर जातो, पण व्होल्टेज साधारण १८०च्या खाली उतरलं तरी जातो. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, बॅटरी उतरते, घरचे वैतागतात आणि कुणीतरी बटण फिरवून ठेवतं. नॉर्मल मोडमध्ये पंखे-दिवे मजेत चालतात; बॅटरीवर जायला लागणारा जास्तीचा वेळ त्यांना जाणवत नाही, कॉम्प्युटरला जाणवतो. तक्रार मात्र ‘विंडोज बिघडलं’ अशी येते. बटण पुन्हा यूपीएस मोडवर ठेवणं परवडत नसेल, तर कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएस घ्या. जुना असेल तर त्याची बॅटरी तपासा. दोन-तीन वर्षांत ती नावापुरती उरते.

भिंत निर्दोष ठरली, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू करताच क्षणात रीस्टार्ट होतो, तर माझा संशय एसएमपीएसवर. उष्णता तशी वागत नाही: प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की आधी मंदावतो, तरीही तापत राहिला तर बंदच पडतो. पंख्यातली धूळ काढावीच, फक्त ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवा. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात.

दुकानात नेलंत तर मदरबोर्ड बदलायला हो म्हणण्याआधी दुसरा एसएमपीएस लावून दोन दिवस चालवून बघायला सांगा. त्याच्याकडे तपासणीसाठी एखादा पडून असतोच. तरीही तो ‘फॉरमॅट करून बघू’ म्हणाला, तर फोटो आणि टॅलीचा डेटा आधी पेनड्राइव्हवर घ्या, आणि मशीन त्याच्या टेबलावर रीस्टार्ट होतं का, ते विचारा. तिकडे दिवसभर गुपचूप चालत असेल, तर घरी इलेक्ट्रिशियनला बोलवा.