हातमोज्यातला अंगठा

"खाली गाद्या होत्या की, त्यात काय एवढं!" उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लटकलेल्या, मूकपटांतल्या विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडचा तो प्रसिद्ध फोटो पाहून आज कुणीतरी सहज म्हणालं. तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घोळतंय.

गाद्या होत्या, खरंय. १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट' या मूकपटासाठी भिंतीचा आणि घड्याळाचा सेट लॉस एंजेलिसमधल्या खऱ्या इमारतींच्या गच्चीवर उभारला होता. कॅमेऱ्याचा कोन असा, की गच्ची लपते आणि मागे थेट खालचा रस्ता दिसतो. नायक वर चढेल तशी इमारत आणखी उंच घ्यायची. लांबून दिसणारी चढण मात्र लॉइडची नव्हे, इमारती चढून दाखवणाऱ्या बिल स्ट्रॉदरची. पण गाद्यांचं मचाण लहानसं. लॉइडनंच पुढे सांगितलं होतं, की चाचणीसाठी टाकलेला पुतळा गादीवरून उसळला आणि सरळ रस्त्यावर गेला.

आता त्याचा उजवा हात बघा. ऑगस्ट १९१९ मध्ये फोटोसाठी हातात धरलेला 'नकली' बॉम्ब खरा निघाला. पेटत्या वातीवर सिगारेट शिलगावायची पोझ होती म्हणे! अंगठा आणि तर्जनी गेली, काही काळ दृष्टीही. त्यानंतर पडद्यावर कायम कातडीच्या रंगाचा मोजा. आत खोटा अंगठा, खोटं बोट. म्हणजे त्या हाताची पकड उरली तीन बोटांची.

आणि याचा त्यानं गाजावाजा केला नाही. आजचा जाहिरातवाला असता तर पोस्टरवर आधी मोजाच छापला असता.

पुढच्या वेळी काट्याकडे नको, त्या अंगठ्याकडे बघा. वाकतो का?