चार नंबरचा कॅमेरा कोणी फिरवला

मल्टिमीटरवर ६० ओहम यायला हवे होते. आले ४०.

पिना पुसून पुन्हा लावल्या, पुन्हा ४०. रेकॉर्डर बंद होता, कॅमेऱ्यांची वीज बंद होती आणि कंट्रोलच्या जोडवायरीचं टोक माझ्या हातात होतं. कोणत्याही जुन्या साइटवर नवा कॅमेरा जोडण्याआधी मी ही मोजणी करतो. अर्धं मिनिट लागतं, तरी आमच्यातले बरेचजण करत नाहीत याचं मला वाईट वाटतं. फिरत्या कॅमेऱ्यांना हुकूम नेणारी वायर, म्हणजे आरएस-४८५ची लाइन, एकापुढे एक अशी जाते: रेकॉर्डरपासून पहिल्या कॅमेऱ्याला, तिथून दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे हुकूम टोकावरून आपटून परत येऊ नये म्हणून लावलेला रोधक, असतो. दोन समांतर म्हणजे ६०, वायरीच्या लांबीमुळे दोन-चार ओहम इकडेतिकडे. १२० दिसले तर एक टोक उघडं आहे किंवा मध्येच वायर तुटली आहे. ४० याचा अर्थ तीन टर्मिनेटर लागलेत, आणि तिसरा लाइनीत मध्येच कुठेतरी आहे.

ही लाइन मीच दोन वर्षांपूर्वी ओढली होती. टर्मिनेटर दोनच ठेवले होते, हे मला पक्कं आठवत होतं.

मोठं गोदाम, सहा फिरते कॅमेरे, आठ चॅनेलचा एक रेकॉर्डर. आता त्याच रेकॉर्डरला आणखी दोन कॅमेरे जोडायचे होते. शिवाय मॅनेजर साहेबांची एक मागणी होती: कॅमेरे फिरवण्यावर पासवर्ड टाका, रात्रीच्या वॉचमनला नुसतं बघता आलं पाहिजे, फिरवता येता कामा नये.

त्यामागचं कारण मला माहीत होतं. तीनेक आठवड्यांपूर्वी मागच्या दाराने माल गेला होता. त्या दारावर चार नंबरचा कॅमेरा आहे. रात्री दोनच्या सुमाराला तो दारावरून फिरून भिंतीकडे वळला, चाळीस मिनिटं तसाच राहिला आणि मग पुन्हा दारावर आला. तेवढ्या वेळात माल गेला. साहेबांनी तेव्हा मला फोन करून एकच विचारलं होतं, "हा कॅमेरा आपोआप वळतो का हो?" मी गाडी चालवत होतो. म्हणालो, "नाही साहेब, कोणीतरी फिरवल्याशिवाय नाही वळत."

रेकॉर्डरच्या खोलीत त्या रात्री एकच माणूस होता. त्याला कामावरून काढलं. कॅमेरे बसवताना माझी शिडी धरून उभे राहायचे तेच वॉचमन काका.

तिसरा टर्मिनेटर कुठे आहे ते शोधायला शिडी लावावीच लागणार होती. एक आणि दोन नंबर उघडून पाहिले, दोन्ही मी ठेवले होते तसेच होते. तीन नंबर मुख्य फाटकावर. त्याचा डोम काढला आणि थांबलो. कॅमेरा माझा नव्हता, दुसऱ्याच बनावटीचा होता. मधल्या काळात जुना जळला असणार आणि दुसऱ्या कोणाकडून तरी बदलून घेतला असणार. टर्मिनेटरचा स्विच चालू होता, तो सापडला. बंद केला. मग सवयीने शेजारच्या पत्त्याच्या स्विचांकडे बघितलं.

आठ बारीक स्विच ओळीने असतात, त्यांना आम्ही डिप स्विच म्हणतो. कॅमेऱ्याचा पत्ता त्यावर ठरतो. पहिल्या स्विचची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, अशी दुप्पट होत १२८ पर्यंत जाते. तीन नंबरचा पत्ता द्यायचा तर पहिला आणि दुसरा वर करायचा: १ अधिक २. इथे फक्त तिसरा वर होता. ज्याने बसवला त्याला वाटलं तिसरा कॅमेरा म्हणजे तिसरा स्विच. पण तिसऱ्या स्विचची किंमत ४ आहे.

म्हणजे फाटकावरचा कॅमेरा आणि मागच्या दारावरचा कॅमेरा, दोघांचा पत्ता ४.

शिडीवरून उतरून सगळ्यांची वीज चालू केली आणि रेकॉर्डरचं सेटिंग उघडलं. चॅनेल ४, पत्ता ४, हे माझं. चॅनेल ३, पत्ता ४. त्या माणसाने काय केलं असेल ते मला डोळ्यांपुढे दिसलं. कॅमेरा लावला, चित्र आलं, बाण दाबला, कॅमेरा हलेना. मग रेकॉर्डरमध्ये पत्ता बदलत बदलत गेला, चारवर हलला. हलला ना, मग झालं काम! नवीन फिरता कॅमेरा चालू होताना स्वतःभोवती फिरून घेतो आणि आपला प्रोटोकॉल म्हणजे हुकमांची भाषा, पत्ता आणि हुकूम घेण्याचा वेग पडद्यावर लिहून दाखवतो. वीज एकदा काढून घातली असती तर दहा-वीस सेकंदांत चूक समोर आली असती. "हललं म्हणजे झालं" या एका वाक्याने आमच्या धंद्याचं जितकं नुकसान केलं आहे तितकं विजेच्या कडकडाटानेही केलं नसेल.

बाहेरच्या माणसाच्या हे सहसा लक्षात येत नाही, की कॅमेऱ्याचं चित्र एका वायरीने येतं आणि त्याला फिरवायचा हुकूम वेगळ्याच वायरीने जातो. चित्राची केबल प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र असते. हुकमाची जोडवायर मात्र सगळ्यांत मिळून एकच. रेकॉर्डरने दिलेला हुकूम सगळे कॅमेरे ऐकतात, ज्याचा पत्ता त्यात असेल तो वागतो. आम्ही वापरला तो पेल्को-डी प्रोटोकॉल सात बाइटचा आहे. चार नंबरला उजवीकडे फिर म्हणायचं तर एफएफ, ०४, ००, ०२, २०, ००, २६. दुसरा बाइट पत्ता, पाचवा फिरण्याचा वेग, आणि शेवटचा म्हणजे मधल्या पाचांची बेरीज, हुकूम वाटेत बिघडला नाही ना ते तपासायला. २४०० बॉडला, म्हणजे सेकंदाला २४०० बिट या वेगाने, हे सगळं २९ मिलिसेकंदांत जातं. इतकी काळजी घेतलेली आहे! पण हुकूम गेल्यावर रेकॉर्डर उत्तराची वाट बघत नाही. तो पाठवून मोकळा. एका हुकमावर एक कॅमेरा वळला की दोन, हे त्याला कधीच कळत नाही.

माझ्याबरोबरच्या पोराला मॉनिटरपाशी बसवलं. म्हटलं, मी मागच्या दारापाशी पोचलो की फोन करतो, तू तीन नंबर फुल स्क्रीन करून उजवीकडे फिरव. चारला हात लावू नकोस. मागे जाऊन चार नंबरच्या खाली उभा राहिलो आणि फोन लावला. "दादा, फिरवतोय," तो म्हणाला. माझ्या डोक्यावरचा कॅमेरा हळूच वळला आणि भिंतीकडे बघत थांबला.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. पोरगा फोनवर विचारत होता, "फिरला का? इथे तर नीट फिरला." त्याच्यापुढे फाटकाचं चित्र पडदाभर होतं. चार नंबर त्याला दिसतच नव्हता. काकांनाही दिसला नसणार.

मग त्या रात्रीचं रेकॉर्डिंग काढलं. डिस्कवर ते अजून शिल्लक होतं, आणखी थोडे दिवस गेले असते तर त्यावर नवं चढलं असतं. साहेबांनी फक्त चार नंबरचं उतरवून घेतलं होतं. मी तीन आणि चार शेजारी शेजारी लावले. तीनमध्ये फाटकाबाहेर ट्रक येऊन उभा राहतो, दिवे चालूच. त्याच सेकंदाला दोन्ही चित्रं उजवीकडे सरकतात, दोन्ही खाली झुकतात. तीनमध्ये ट्रकची नंबर प्लेट मोठी होत जाते. चारमध्ये भिंतीवरचा ओलीचा डाग मोठा होत जातो.

हा डाग चाळीस मिनिटं पडदाभर आहे. हे रेकॉर्डिंग गोदामात चार-पाच जणांनी बघितलं होतं. कॅमेरा मुद्दाम वळवणारा माणूस तो वळवेल आणि सोडून देईल, रिकाम्या भिंतीवर झूम कशासाठी करेल? हे कोणाच्याच मनात आलं नाही. पडद्यावर दिसलं की लोक विचार करायचा थांबतात, असा माझा या कामातला अनुभव आहे.

चाळीस मिनिटं ट्रक तिथेच उभा. काकांनी कॅमेरा त्याच्यावरून हटवला नाही. वहीत त्यांनी लिहून ठेवलं होतं: फाटकाबाहेर अनोळखी ट्रक, हॉर्न वाजवतो, उतरत कोणी नाही, नजर ठेवली आहे. ट्रकचा नंबरही लिहिला होता. ट्रक गेल्यावर त्यांनी एक नंबरचा प्रीसेट, म्हणजे आधी ठरवून ठेवलेली दिशा, बोलावला, कॅमेरा जागेवर आणायला आम्हीच शिकवलं होतं तसं. प्रीसेट कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आठवणीत असतो. म्हणून तोच हुकूम ऐकून तीन नंबर फाटकावर गेला आणि चार नंबर आपल्या दारावर परत आला. साहेबांना हाच पुरावा वाटला होता: काम होईपर्यंत वळवला, झाल्यावर सरळ केला.

राहिलेलं काम संध्याकाळपर्यंत उरकलं. तीनचे पहिले दोन स्विच वर, तिसरा खाली. सहा नंबर आता शेवटचा नव्हता, त्याचा टर्मिनेटर काढला आणि नव्या आठ नंबरचा लावला. पोरगा विचारत होता, सातला मधूनच फाटा काढू का, केबल वाचेल. नाही म्हटलं. या लाइनीला फाटे फुटले की हुकूम टोकांवरून आपटून परत येतात, आणि मग "थांब" हा हुकूम हरवून कॅमेरा फिरतच राहतो. केबल लागली तरी चालेल, पण ओळीनेच जोडायचं. शेवटी मोजलं, ५९. सगळ्यांची वीज काढून घातली आणि आठही पडद्यांवरचे पत्ते कागदावर उतरवले.

साहेबांना दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. त्यांनी दोनदा बघितली. मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये सेटिंग दुरुस्त केलं एवढंच लिहा ना." मी सगळं लिहिलं: कोणता स्विच, कोणता पत्ता, कोणत्या सेकंदाला काय वळलं. दोन्ही चॅनेलचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर जोडून दिलं. फोनवर मी काय उत्तर दिलं होतं तेही लिहिलं. ते उत्तर चुकीचं नव्हतं. पण मी "मागच्या सहा महिन्यांत कोणता कॅमेरा बदललाय का" एवढं विचारलं असतं, तर त्या दिवशीच सगळं बाहेर आलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला पुढचा सिग्नल दिसत होता. रिपोर्टवर अजून उत्तर नाही.

आणि ट्रकवाल्याचं मला कळत नाही. फाटकावर हॉर्न वाजला की मागचा कॅमेरा वळतो, हे मागच्या दाराशी रोज माल चढवणाऱ्या कोणाच्याही लक्षात येऊ शकतं, फक्त वर बघायची सवय हवी. की तो ट्रक खरंच रस्ता चुकून आला होता? नंबर वहीत आहे, तो मी रिपोर्टमध्येही घातला. पुढचं काम माझं नाही, तरी शिडीवर चढलो की ते डोक्यात येतं.

काकांचा नंबर पोराकडे होता. दोन दिवसांनी फोन केला. स्विच, पत्ता, जोडवायर, जमेल तितकं सोपं करून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "म्हणजे चार नंबर माझ्याच हाताने वळला?"

मी म्हणालो, "काका, तुम्ही तीन नंबर फिरवला होता."

"हो," ते म्हणाले, "तेच तर सांगत होतो मी."