मेनच्या आधी काय घडते

मायक्रोकंट्रोलर बोर्डवर फर्मवेअर (थेट चिपवर चालणारा प्रोग्राम) लिहायला सुरुवात करणाऱ्याला सहसा असा सल्ला मिळतो की, तयार आयडीई (कोड लिहिण्याचे व चिपमध्ये भरण्याचे एकत्रित सॉफ्टवेअर) उतरवून घ्यावा, नमुना प्रकल्प उघडावा आणि एक बटण दाबून एलईडी लुकलुकताना पाहावा. हा मार्ग चुकीचा नाही. पण वीजपुरवठा सुरू झाल्यापासून आपल्या मेन फंक्शनची पहिली ओळ चालेपर्यंत जे घडते ते सारे त्यात झाकलेले राहते, आणि पुढे नेमका त्याच भागात दोष निघाला तर शोध कोठून सुरू करावा हेच उमजत नाही. म्हणून पहिला प्रकल्प कितीही लहान असला, तरी त्याचा स्टार्टअप कोड (मेनच्या आधी चालणारा कोड) आणि लिंकर स्क्रिप्ट (प्रोग्रामचा कोणता भाग मेमरीत कोठे ठेवायचा हे सांगणारी फाइल) स्वतः लिहावी, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणादाखल ‘ब्ल्यू पिल’ या नावाने ओळखला जाणारा बोर्ड घेऊ. त्यावरील एसटीएम३२एफ१०३सी८ या चिपमध्ये कॉर्टेक्स-एम३ गाभा, ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम असते. फ्लॅशचा पत्ता षोडशमान पद्धतीत ०८०००००० पासून आणि रॅमचा २००००००० पासून सुरू होतो. लिंकर स्क्रिप्टचा पायाच या दोन पत्त्यांवर उभा असतो. रीसेट होताच प्रोसेसर व्हेक्टर टेबलमधील, म्हणजे फ्लॅशच्या सुरुवातीला ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीतील, पहिला शब्द (३२ बिटांची किंमत) स्टॅक पॉइंटर (तात्पुरत्या डेटाच्या जागेचा पत्ता) म्हणून उचलतो आणि दुसऱ्या शब्दात दिलेल्या पत्त्यावरील रीसेट हँडलर, म्हणजेच आपला स्टार्टअप कोड, चालवू लागतो. प्रारंभिक किंमत दिलेले ग्लोबल व्हेरिएबल वापरायचे रॅममध्ये, पण त्यांच्या किमती वीज गेल्यावरही टिकायच्या तर त्या फ्लॅशमध्येच असायला हव्यात. त्यामुळे त्या रॅममध्ये उतरवणे, उरलेल्या ग्लोबल व्हेरिएबलची जागा शून्याने भरणे आणि मगच मेनला हाक देणे, हे काम हँडलरने करायचे असते. सी भाषेत आपण गृहीत धरलेली शिस्त येथे दहा-पंधरा ओळींत प्रत्यक्ष उभी राहते, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

त्यानंतर येते क्लॉकचे प्रकरण. रीसेटनंतर ही चिप आपल्या अंतर्गत ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरवर चालते आणि वीज वाचवण्यासाठी बहुतेक पेरिफेरलचे (पिन, टायमर यांसारख्या चिपमधील जोड-भागांचे) क्लॉक बंद असतात. या बोर्डवरील एलईडी पीसी१३ या पिनला जोडलेला असतो. आरसीसीच्या (क्लॉक आणि रीसेट सांभाळणाऱ्या भागाच्या) रजिस्टरमधून पोर्ट सीचे, म्हणजे ही पिन ज्या गटात आहे त्याचे, क्लॉक सुरू न करता त्या पिनचे रजिस्टर लिहिले, तर ना काही घडते, ना कोणती त्रुटी दिसते. डीबगरमधून तेच रजिस्टर वाचले आणि त्यात शून्यच दिसले, तर संशय आधी क्लॉकवर घ्यावा. शिवाय हा एलईडी पिन लो केल्यावर पेटतो, हेही ध्यानात असू द्यावे. वेग ७२ मेगाहर्ट्झपर्यंत न्यायचा झाल्यास फ्लॅशसाठी दोन वेट स्टेट (वाचताना थांबण्याची क्लॉक-आवर्तने) आधी ठरवावे लागतात, कारण फ्लॅश तेवढ्या वेगाने वाचता येत नाही. पण पहिल्या प्रकल्पात या वाटेला जाण्याची गरज नाही.

विलंबासाठी रिकामा लूप लिहिला असेल, तर त्याचे मोजणी-व्हेरिएबल व्होलाटाइल करावे, म्हणजे त्याचे वाचणे-लिहिणे वगळू नये असे कंपायलरला सांगावे. ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपायलर असा निरुपयोगी लूप काढून टाकू शकतो.

साधनांच्या बाबतीत जीसीसी कंपायलरची आर्म आवृत्ती, जीडीबी हा डीबगर, त्याला चिपशी जोडणारे ओपनओसीडी आणि संगणक व बोर्ड यांच्यामध्ये लावायचा एसटी-लिंक प्रोब एवढे पुरेसे आहे. प्रोब जोडण्यात कंटाळा मुळीच करू नये: एसडब्ल्यूडी या डीबग जोडणीला दोन सिग्नल तारा आणि ग्राउंड लागते, आणि त्या बदल्यात रीसेट हँडलरच्या पहिल्या सूचनेवर थांबून एकेक पाऊल पुढे जाता येते. एसडब्ल्यूडीच्या पीए१३ आणि पीए१४ या पिन मात्र दुसऱ्या कामासाठी वापरू नयेत, अन्यथा प्रोग्राम चालू झाल्यावर डीबगरचा संपर्क तुटतो. तसे झालेच, तर बूट० जंपर हाय करून बोर्ड रीसेट करावा. मग आपल्या प्रोग्रामऐवजी चिपमधील मूळ बूटलोडर (नवा प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम) चालतो आणि फ्लॅश पुन्हा लिहिता येते.

एवढे जमल्यावर यूएआरटीवरून (चिपच्या सीरियल पोर्टवरून) एक अक्षर बाहेर पाठवावे आणि त्यानंतर सिस्टिक या गाभ्यातील टायमरचा इंटरप्ट (ठरावीक वेळाने आपोआप चालणारे फंक्शन) लिहावा. तयार लायब्ररी हाती घ्यायची ती त्यानंतर, आणि तेव्हाही तिचा स्टार्टअप कोड एकदा उघडून आपल्या कोडशेजारी ठेवून वाचावा.