"गॅस झाला, तेल पाजतो"

नागपूरच्या फुटाळा तलावावर वरातीचा पांढरा घोडा पुढच्या पायानं जमीन उकरत होता. मधूनच मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायचा. चाऱ्याला तोंड नाही. ही पोटदुखीची लक्षणं. घोडेवाला म्हणाला,

"काही नाही भाऊ, गॅस झाला. तेल पाजतो, होते बरोबर."

ते तेलच खटकलं. घोड्याला उलटी होत नाही. जठर तुंबलं तर फुटूही शकतं. त्यात नाळीनं (बांबूच्या नळकांड्यानं) तोंडात ओतलेलं तेल फुफ्फुसात गेलं, की पोटदुखीवर न्यूमोनिया! डॉक्टर तेल देतात ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून.

जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, चारनं गुणा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या वर म्हणजे अजिबात थांबायचं नाही. हिरडी दाबून सोडली की २ सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. कुशीला कान लावा, गुडगुड बंद असेल तर लक्षण वाईट. शेवटची लीद कधी टाकली? डॉक्टर हे हमखास विचारतात.

चारा काढून घ्या. वेदनाशामक स्वतःहून देऊ नका, लक्षणं दबतात.

पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून जवळच, सेमिनरी हिल्सला. मग लगीनसराईत किती घोडेवाल्यांच्या मोबाईलमध्ये डॉक्टरचा नंबर असतो?