तुम्ही विचारलंत म्हणून: धंदा सांभाळून शिकायचं कधी, आणि काय?

धंद्यातली मंडळी भेटली की हा प्रश्न हमखास येतो. "तुम्ही अजून शिकताय म्हणता, पण वेळ कुठून काढता? आणि इतक्या वर्षांनंतर शिकायचं तरी काय उरतं?" वेळेचं उत्तर सोपं आहे. शुक्रवारी सकाळी दीड तास, दार लोटलेलं, फोन बंद. तेवढा वेळ निघतो. काय शिकायचं, हे मात्र उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

नोकरीत होतो तेव्हा माझी चूक मला कुणीतरी दाखवायचं. मालक झालो आणि ते थांबलं. हाताखालची माणसं जपून बोलतात, कारण त्यांच्या पगारावर माझी सही असते. नाराज ग्राहक बहुतेकदा तक्रार करत बसत नाही, दुसऱ्याकडे जातो. घरचे दमलेला चेहरा बघून विषय टाळतात. ज्याचा निर्णय चुकला तर सगळ्यांना झळ लागते, त्यालाच चूक सगळ्यात उशिरा कळते. मालकाच्या शिकण्यातली खरी अडचण मला इथे दिसते.

मला ती महागात पडून समजली. व्यवसायाच्या नवव्या वर्षी विक्री जवळजवळ दुप्पट झाली आणि त्याच वर्षी पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसायचे. नफा-तोटा पत्रकात नफा दिसत होता. मी वसुली बघणाऱ्या सहकाऱ्याला बोललो, तेही सगळ्यांसमोर. दोन दिवसांनी आमच्या हिशेबनीस बाईंनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर तीनच आकडे होते. माल गोदामात सरासरी 45 दिवस राहतो, विकल्यावर पैसे 60 दिवसांनी येतात आणि आपण पुरवठादाराचे पैसे 30 दिवसांत चुकते करतो. पंचेचाळीस अधिक साठ, वजा तीस. आपले पैसे 75 दिवस अडकून राहतात. विक्री वाढली की अडकणारी रक्कमही त्याच पटीत वाढते, म्हणून नफ्यात असलेला धंदासुद्धा रोकड संपून बंद पडू शकतो. वसुली मुदतीत होत होती. साठ दिवसांची मुदत ग्राहकांना मीच देऊन बसलो होतो. मी त्या सहकाऱ्याची माफी मागितली, सगळ्यांसमोरच. पण नऊ वर्षं दर वर्षी ताळेबंदावर सही करणाऱ्या मला तो वाचता येत नव्हता, हे मनातून जाईना.

हिशेब शिकायला घेतला तेव्हा द्विनोंदी पद्धतीशी नीट ओळख झाली. इटलीतले गणिती लुका पाचोली यांनी ती 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात मांडली. व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. प्रत्येक व्यवहार दोन बाजूंना लिहायचा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी चुकलंय हे कुणी न सांगता कळतं. माझ्या मनात आलं, पैशांसाठी आपण एवढी सोय केली, मग निर्णयांसाठी का नाही?

तेव्हापासून मी निर्णयांची वही ठेवतो. एखादं मोठं पाऊल उचलायच्या आधी तीन-चार ओळी लिहायच्या: काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं आणि ते कोणत्या तारखेला तपासायचं. ती तारीख आली की समोरच्या पानावर प्रत्यक्ष काय झालं ते लिहायचं. लिहिणं आधीच व्हायला हवं, ही अट मी कधी मोडत नाही. नंतर आठवून लिहिलेल्यावर भरवसा ठेवता येत नाही. 1972 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाणार होते, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बाइथ या संशोधकांनी लोकांना विचारलं होतं, की तिथे अमुक एक गोष्ट घडण्याची शक्यता किती? दौरे झाल्यावर त्याच लोकांना आपापले जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं त्याची शक्यता आपण मुळातच जास्त धरली होती, असं लोकांना आठवू लागलं. "मला आधीच वाटलं होतं" हे वाक्य मीही शेकडो वेळा मनापासून बोललो आहे. वही काढून बघितलं की तसं काहीही वाटलेलं नसतं.

काय शिकायचं याचं उत्तर मला ही वहीच देते. वहीच्या पहिल्या दोन वर्षांत कामावर घेतलेल्या माणसांच्या नोंदी मी सलग वाचल्या. न टिकलेल्या जवळपास प्रत्येकाच्या नावापुढे मी "हुशार" एवढंच कारण लिहिलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत त्याने नेमकं काय काम करायचं, हे कुठेच नव्हतं. मग ते वर्ष मी मुलाखत कशी घ्यावी आणि काम कसं नेमून द्यावं, एवढंच शिकलो. पुढच्या वर्षी दिसलं की मी तीन महिने धरलेलं काम सात महिने खातं. मग अंदाज बांधायला शिकलो. हाताला लागेल ते पुस्तक वाचत सुटणं मी त्यानंतर सोडलं. उत्साह भरणाऱ्या शिबिरांनाही जात नाही. तिथून मी दर वेळी ताजातवाना होऊन आलो, पण सोमवारी करायचं काम तेच राहिलं.

वाचण्याबद्दल एकच सांगतो. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून, जे आठवेल ते कागदावर लिहून काढा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. आपल्याला शिकलेलं पाच मिनिटांनी लागत नाही, चार महिन्यांनी एखाद्या बैठकीत लागतं.

वसुली बघणारा तो सहकारी आता स्वतःची वही ठेवतो. मागच्या महिन्यात मी एक नवं काम घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो ती घेऊन आला. "साहेब, माझा अंदाज तुमच्यापेक्षा वेगळा आहे. लिहून ठेवलाय, वाचता का?" मी वाचला. त्याची कारणं माझ्या कारणांपेक्षा पक्की वाटली, तरी काम मी घेतलं आहे. दोघांच्या वहीत तपासायची तारीख एकच आहे, अजून चौदा आठवड्यांनंतरची. त्या शुक्रवारी त्यालाही आत बोलावलं आहे.