जिन्याखालची मांजर

आज सकाळी जिन्याखाली स्कूटरच्या सीटवर तीच. पांढरी-काळी-भगवी. सलग चौथा दिवस. तीन रंगांची म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी.

वाटीत दूध घेऊन खाली गेले तर तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "दूध नको गं, मोठ्या मांजरांना पचत नाही बरेचदा. आणि कुणाची असली तर?"

ते 'कुणाची असली तर' दिवसभर डोक्यातून जाईना. गळ्यात पट्टा नाही. नसबंदी झालेल्या भटक्या मांजरीच्या कानाचं टोक बहुधा कापलेलं असतं, हिचे दोन्ही कान अख्खे. पण अंग स्वच्छ, आणि हात पुढे केला की डोकं घासते.

संध्याकाळी ती आडवी झाली तेव्हा दिसलं. आचळांभोवतीचे केस गेलेले, कातडी गुलाबी. म्हणजे कुठेतरी अंगावर पिणारी पिल्लं आहेत. आणि मी काल हिला उचलून प्राण्यांच्या संस्थेत नेणार होते! पोटात गोळाच आला.

आता गळ्यात सैल कागदी पट्टी बांधलीय, 'ही तुमची आहे का?' आणि माझा नंबर. उकडलेला मासा खाऊन ती मागच्या भिंतीवरून गेली. कुठे उतरते ते बघत मी गच्चीत उभी आहे.

आपल्या सोसायटीत कुणी बारीक म्यावम्याव ऐकलंय का?