ढब्बू, नोंद ११: हीटर रात्रभर चालला!

परवा रात्री अकराला निफाडजवळ मामेभावाच्या मळ्यात ढब्बूत, म्हणजे आमच्या फिरत्या घरगाडीत, सुरू केलेला हीटर सकाळी साडेसहाला मी माझ्या हाताने बंद केला. माझ्या हाताने! बाहेर ६.८ अंश, आत उशाशी १९. डिझेल दीड लिटरच्या आत, बॅटरीतून १३ अँपिअर-तास. आणि तो मेला ओव्हरहीटचा कोड एकदाही नाही.

दिवाळीपासूनची माझी रड ज्यांनी ऐकली आहे त्यांना यातला आनंद कळेल. तेव्हा घातलेला ५ किलोवॅटचा चिनी डिझेल हीटर दिवाणाखालच्या खोक्यात बसलाय. तो पंचवीस मिनिटं झकास चालायचा, मग कोड दाखवून गप्प. पंखा फिरून थंड झाला की पुन्हा सुरू करा, पुन्हा पंचवीस मिनिटं. रात्रीतून चारदा उठायचं तर घरीच झोपलेलं काय वाईट?

वायरिंगवरचा संशय लगेच फिटला. ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) पेटताना हीटरच्या टोकाला ११.९ व्होल्ट मिळत होते. डिझेल मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपाची टकटक नियमित, सायलेन्सरच्या तोंडाशी धूर नाही. म्हणजे जळण्याची बाजू ठीक, गरम हवेची बाजू आजारी. आणि गरम हवा म्हटलं की सगळ्यांचं बोट डक्टकडे, म्हणजे ती हवा नेणाऱ्या नळीकडे, जातं, तसं माझंही गेलं.

डक्टही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. ऑनलाइन मागवलेला ‘७५ मिमी’ डक्ट कॅलिपरने आतून ७१ भरला, आणि गरम झाला की इस्त्री जास्त वेळ ठेवलेल्या कपड्यासारखा वास. त्यात मी तो न ताणता, आकसलेलाच कोंबला होता. आकसलेल्या डक्टच्या आत वळ्याच वळ्या राहतात आणि हवा प्रत्येक वळीला अडखळते. बदलून जाड थराचा घेतला, पूर्ण ताणला, आणि डक्टची वाट ४.१ मीटरवरून ३.२ वर आणली. जुबली क्लिप (डक्ट आवळायच्या स्क्रूच्या पट्ट्या) चांगल्या घ्या. स्वस्तातल्या दुसऱ्यांदा आवळताना आटे सोडतात.

हवा मोजायला पंख्याचं मीटर घेणार होतो, पण कचऱ्याच्या पिशवीने काम भागलं. पिशवी बादलीने पाणी ओतून मोजली, ६० लिटर. हीटर नुसत्या पंख्यावर ठेवायचा, चपटी केलेली पिशवी व्हेंटवर (गरम हवा बाहेर पडायच्या तोंडावर) धरायची आणि ती टम्म फुगेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पुढचा व्हेंट ४.५ सेकंद, बिछान्याचा ९, बाथरूमचा ११. तिन्ही मिळून ताशी ९२ घनमीटर.

मग नंबर लागला फाट्याचा, म्हणजे डक्ट जिथे दोन वाटांना फुटतो त्या जोडाचा. हीटरसोबत आलेला प्लॅस्टिकचा जोड नावाला वाय, प्रत्यक्षात टी. हवा सरळ भिंतीवर आपटते आणि मग विचार करते कुठे जायचं ते. भांडी बाजाराच्या मागे पत्र्याचे डबे, चाळण्या करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे पुठ्ठ्याचा नमुना घेऊन गेलो. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, “म्हणजे पायजमा पाहिजे तुम्हाला.” अगदी तेच पाहिजे होतं. वर ७५ची कंबर, खाली ६०चे दोन पाय. ७५च्या तोंडाचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर, ६०च्या एका पायाचं २८. दोन पाय मिळून ५६, म्हणजे फाट्यावर गळा आवळला जात नाही. काकांनी जीआय (जस्त चढवलेला) पत्रा कापला, लाकडी मोगरीने गोल वळवला, शिवण अशी दाबली की आतून बोट फिरवलं तरी लागत नाही. वीस मिनिटांचं काम आणि वर चहा त्यांचाच. हा जोड इतका देखणा झालाय की दिवाणाखाली लपवायचं जिवावर आलं.

पायजमा बसवला, एकूण हवा ९२ची १०८ झाली. आणि हीटर पंचवीसऐवजी चाळीस मिनिटांनी बंद पडायला लागला. एवढ्या खटाटोपाला पंधरा मिनिटांचं बक्षीस!

खरा चोर सापडला अंजनेरीच्या पायथ्याशी, आणि तो मी पकडलेला नाही. रात्री हिला थंडी वाजली म्हणून हिने दिवाणाचं झाकण उघडून गोधडी काढली आणि झाकण नीट बसवलं नाही. गोधडीचं एक टोक फटीत अडकलेलं. त्या रात्री हीटर पहाटेपर्यंत चालला. सकाळी मी नवीन डक्टचं कौतुक ऐकवत होतो, तेवढ्यात ही म्हणाली, “झाकण लावते आता, थांब.” झाकण लागल्यावर अर्ध्या तासात कोड!

नोंद ९ आठवतेय? ‘उष्णता वाया जाऊ नये म्हणून’ खोक्याच्या सगळ्या फटी मी नायट्राइल फोमने बुजवल्या होत्या आणि वर शेखी मिरवली होती. हीटरला खोलीतली थंड हवा आत घ्यायला उरली काय, तर एक इंची चार भोकं. म्हणजे २० चौरस सेंटिमीटर, त्यावर पुन्हा मच्छरजाळी. हीटरचं स्वतःचं तोंड ४४चं. वर खोक्यातून जाणारा डक्ट उघडा, तो तिथलीच हवा तापवणार आणि हीटर तीच पुन्हा ओढणार. थर्मामीटर आत टाकला तर ५२ अंश! मी तीन महिने बाहेर जाणारी हवा मोजत बसलो आणि आत येणारी एकदाही मोजली नाही.

जिगसॉने दिवाणाच्या पुढच्या फळीत, अगदी जमिनीलगत, १५ बाय २० सेंटिमीटरचा चौकोन कापला. (प्लायच्या खालच्या बाजूला चिकटपट्टी लावायला विसरलो, कडेची सनमायका उडाली. असो.) जाळीच्या पट्ट्या वजा जाता १८० चौरस सेंटिमीटर मोकळे. जाळीपासून हीटरच्या तोंडापर्यंत ९० मिमीचा आखूड डक्ट, म्हणजे खोक्यातल्या हवेशी संबंधच संपला. गरम डक्टवर फोम गुंडाळला. पिशवीची चाचणी: ३.५, ५, ६ सेकंद. एकूण १४१!

नाशिकच्या ६०० मीटर उंचीवर हिशोब असा पडतो: ताशी ९२ घनमीटर हवेत २ किलोवॅट उष्णता ओतली की हवा साधारण ७० अंशांनी तापते, १४१ मध्ये ४५नी. आधीच ५२ची हवा आत जात असेल तर बेरीज तुम्हीच करा. अमेरिकन ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या घरांच्या) गॅस भट्टीत सेल स्विच म्हणून एक पाती असते, पंख्याच्या वाऱ्याने ती लवली नाही तर बर्नर पेटतच नाही. माझा हीटर आधी तापतो, मग रडतो.

निफाडला मामेभाऊ मात्र बधला नाही. त्याच्या बागेत त्या रात्री द्राक्षांसाठी शेकोट्या पेटल्या होत्या. “दादा, यातली एक उचलून आत ठेव, एवढा खर्च कशाला?” थट्टा ठीक, पण कोणी खरंच शेगडी आत नेऊ नका. माझ्या हीटरचा धूर आणि जळणाची हवा दोन्ही फरशीखालून बाहेर आहेत, तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी आहेच.

आता हिमाचलातल्या स्पितीला जायच्या बेताचं. तिथलं काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथली हवा आपल्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश विरळ. म्हणजे १४१ तिथे शंभराच्या आसपासचंच काम करणार, शिवाय पंपाचे ठोके कमी केले नाहीत तर काजळी धरणार. म्हणून बाथरूमचा फाटाही ७५चा करायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, बाथरूमला फाटा हवाच कशाला? अमेरिकन ट्रेलरमध्ये भट्टीची हवा फरशीखाली सोडून टाक्या गोठण्यापासून वाचवतात. तोच फाटा पाण्याच्या टाकीकडे वळवतो आणि बाथरूमच्या दाराखाली दोन सेंटिमीटर फट ठेवतो. परत येणारी हवा बाथरूममधूनच ओढावी असंही सुचलं होतं. हिने एका शब्दात निकाल लावला. तो शब्द इथे लिहीत नाही.

एक बारीक कटकट राहिली. निफाडहून निघताना मामेभावाने कांद्याच्या दोन गोण्या ढब्बूत टाकल्या, आणि त्या रात्री घरासमोर अर्धा तास हीटर लावला तर जाळीवर सालींचा जाड पापुद्रा. पंख्याने सगळी फरशी झाडून काढली होती. जाळीमागे धुता येईल असा स्पंज घालायचाय, पण त्याने हवा किती अडेल ते रविवारी पिशवी धरून बघतो.